टाटोर्ट: संशयित हाती लागूनही दुसऱ्या दिवशी सुटतो, असं का?

धुकेरी

टाटोर्ट या जर्मन गुन्हेतपास मालिकेचे म्युनिक, कलोन आणि म्युन्स्टरचे भाग सबटायटल्स लावून बघतेय. कथा कळते, पण तपासाची पद्धत मध्येच हातातून निसटते. जर्मन कायदा किंवा तिथली पोलीसपद्धत माहीत असलेल्यांनी कृपया उलगडून सांगावं.

कोमिसार, म्हणजे तपास करणारा पोलीस अधिकारी, संशयिताला उचलून आणतो, रात्री उशिरापर्यंत प्रश्न विचारतो आणि दुसऱ्या दिवशी वरून निरोप येतो की सोडा त्याला. पुरावा तर समोर दिसत असतो! शिवाय सरकारी वकील तपासात इतकी लुडबुड का करतात? म्युन्स्टरच्या भागांतल्या त्या घोगऱ्या आवाजाच्या वकीलबाई तर पोलिसांना सरळ झापतात. न्यायवैद्यक डॉक्टर प्रेताशेजारी उकिडवा बसून 'रात्री दहा ते अकरा' असं छातीठोकपणे सांगतो, ते कितपत खरं मानायचं? आणि खुनी कोण हे कळल्यावरही शेवटची दहा मिनिटं त्याने का मारलं यावरच का जातात?

कलम_कसाई

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे: कोमिसार हा तपासाचा मालक नाही. मालक सरकारी वकील. जर्मन दंडप्रक्रियेत गुन्ह्याचा तपास सरकारी वकिलाच्या कार्यालयाचा असतो आणि पोलीस त्याच्या वतीने काम करतात. त्यामुळे म्युन्स्टरच्या क्लेमबाई झापतात ती लुडबुड नव्हे, तो त्यांचा अधिकार आहे. त्या प्रत्येक ठिकाणी जातीने हजर असतात, तेवढी मात्र मालिकेची करामत. प्रत्यक्षात बरंचसं काम फोनवर आणि फाइलवर होतं.

आता सुटकेबद्दल. जर्मन राज्यघटनेच्या कलम १०४ प्रमाणे पोलिसांना स्वतःच्या अधिकारात माणूस फार तर पकडल्याच्या दुसऱ्या दिवसाच्या शेवटापर्यंत ठेवता येतो. तास मोजायचे नाहीत, तारीख मोजायची. सोमवारी रात्री अकराला उचलला तर मंगळवारी रात्री बारापर्यंत, म्हणजे २५ तास. तोच दीड तास थांबून, तारीख बदलल्यावर साडेबाराला उचलला, तर मुदत बुधवारी रात्री बारापर्यंत जाते, म्हणजे साडेसत्तेचाळीस तास. त्या आत त्याला न्यायाधीशासमोर उभं करायचं, नाहीतर दार उघडायचं. ही शेवटची हद्द झाली. त्याआधीही विनाकारण लांबवता येत नाही.

वॉरंट फक्त न्यायाधीश काढतो आणि या टप्प्यावर ते मागायचं सरकारी वकिलाने. त्यासाठी नुसता संशय पुरत नाही, जबर संशय लागतो. वर अटकेला कारणही लागतं: माणूस पळून जाईल, किंवा पुरावे नष्ट करेल, साक्षीदार फिरवेल. तुम्हाला पडद्यावर दिसणारा 'पुरावा' बहुतेक वेळा पेल्यावरचा ठसा असतो. संशयित जर शेजारी असेल आणि त्या घरात त्याचं येणंजाणं असेल, तर तो ठसा आदल्या आठवड्यातलाही असू शकतो. वकीलबाई फाइल मिटतात त्या इथे.

खुनासाठी दंडप्रक्रियेच्या कलम ११२ मध्ये वेगळी तरतूद आहे. शब्दशः वाचली तर पळून जाण्याच्या भीतीशिवायही कोठडी देता येते. पण घटना न्यायालयाने १९६५ मध्येच तिला लगाम घातला: पळून जाण्याची किंवा पुराव्यात ढवळाढवळ होण्याची शक्यता अगदीच नाकारता येत नसेल, तरच. पटकथाकार हे कलम सहसा विसरतात, कारण आठवलं तर मधला सगळा ताण संपेल.

झडतीचंही असंच. हुकूम न्यायाधीशाचा. उशीर झाला तर पुरावा जाईल अशी स्थिती असेल तरच वकील किंवा पोलीस स्वतःहून घुसू शकतात. राहत्या घराची झडती रात्री ९ ते सकाळी ६ या वेळात तर आणखी अवघड. मध्यरात्री कुलूप तोडून आत शिरणारा कोमिसार दिसला की समजावं, बचावाच्या वकिलाला आयतं कोलीत मिळालं.

नाडीवैद्य

वेळेबद्दल मी सांगतो. एका तासाची खिडकी हे शुद्ध नाटक आहे.

मृत्यूनंतर पहिल्या काही तासांत सगळ्यात भरवशाचं माप म्हणजे शरीराचं तापमान. ते कपाळाला हात लावून कळत नाही. तापमापी गुदद्वारातून आत खोलवर घालून घेतात आणि त्याच वेळी प्रेताजवळच्या हवेचं तापमानही नोंदवतात. सुरुवातीला दोन-तीन तास आतलं तापमान फारसं हलत नाही, मग साधारण ताशी एक अंश या हिशेबाने उतरतं, आणि आसपासच्या हवेच्या जवळ आलं की पुन्हा मंदावतं. एसेनच्या हेन्सगे यांनी तयार केलेल्या आलेखावर शरीराचं तापमान, हवेचं तापमान आणि वजन मांडायचं. कपडे, पांघरूण, ओल, वारा यांसाठी वजनाला गुणक लावायचा. एवढं सगळं नीट जमलं तरी उत्तर अधिक-उणे २.८ तास येतं, म्हणजे साडेपाच तासांहून मोठी खिडकी. 'दहा ते अकरा' नव्हे, 'आठ ते दीड'.

चुकतं कुठे, तर बहुधा डॉक्टर पोचण्याआधीच. पहिला गस्तीवाला वास येतो म्हणून खिडकी उघडतो. हिवाळ्यात दहा मिनिटांत खोलीचं तापमान पडतं आणि मग मोजलेला आकडा रात्रभरच्या हवेचा राहत नाही. खिडकी उघडी होती की नंतर उघडली, हीटर कितीवर होता, हे कोणी लिहून ठेवलं नसेल तर आलेख कितीही चांगला असो, उपयोग शून्य.

तापमानाला जोड म्हणून डाग आणि ताठरपणा. रक्त खाली उतरून पडणारे डाग अर्ध्या तासाच्या आसपास दिसू लागतात. सुरुवातीच्या तासांत अंगठ्याने दाबले तर फिके पडतात आणि प्रेत उलटवलं तर दुसऱ्या बाजूला सरकतात. माणूस पालथा सापडला आणि डाग पाठीवर असले, तर त्याला नंतर कोणीतरी हलवलंय. ताठरपणा जबड्यात दोन ते चार तासांत जाणवतो, सहा ते आठ तासांत पुरता भरतो आणि दोन-तीन दिवसांनी सुटतो. उन्हाळ्यात हे सगळं लवकर, थंडीत उशिरा.

म्युन्स्टरच्या भागांतले न्यायवैद्यक डॉक्टर प्रोफेसर बोर्ने मजेशीर आहेत, पण कोर्टाने किंवा वकिलाने सांगितलेलं शवविच्छेदन एकट्याने करायचं नसतं. दंडप्रक्रियेच्या कलम ८७ प्रमाणे दोन डॉक्टर लागतात आणि मृताच्या शेवटच्या आजारात उपचार करणारा डॉक्टर त्यांत चालत नाही. डोकं, छाती आणि पोट या तिन्ही पोकळ्या उघडाव्याच लागतात, छातीतली गोळी ढळढळीत दिसत असली तरी. हा नियम वेळखाऊ वाटतो, पण डोक्याच्या कातडीखालचा जुना मार त्यामुळेच सापडतो.

खरी गफलत त्याही आधी होते आणि मालिकांनी ती फार वापरलेली नाही. मृत्यूचा दाखला कोणताही डॉक्टर देऊ शकतो. त्यात नैसर्गिक, अनैसर्गिक की अस्पष्ट, यांपैकी एक खूण करायची. म्हातारा माणूस बिछान्यात मेलेला दिसला, नातेवाईक भोवती रडतायत, अशा वेळी डॉक्टरने सगळे कपडे उतरवून पाठ, केसांखालचा भाग, पापण्यांची आतली बाजू बघणं अपेक्षित असतं. बरेच जण शर्टाची वरची दोन बटणं काढून थांबतात. पापणी उलटली असती तर गळा दाबल्यावर उमटणारे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले असते. 'नैसर्गिक' वर खूण झाली की पोलिसांना कोणी बोलावतच नाही, मग कसला कोमिसार आणि कसलं काय.

जुना_पहारा

शेवटच्या दहा मिनिटांबद्दल. यात निम्मा वाटा कायद्याचा आहे.

जर्मन दंडसंहितेत ठार मारण्याच्या इराद्याने मारलं की तो आपोआप खून होत नाही. मूळ गुन्हा कलम २१२ चा, टोटश्लाग, शिक्षा ५ ते १५ वर्षं. फार गंभीर प्रकरणातच जन्मठेप. कलम २११ चा मोर्ड, म्हणजे खून, ठरायला ठरावीक खुणांपैकी एक सिद्ध करावी लागते: हाव, हीन हेतू, दगाबाजी, क्रौर्य, दुसरा गुन्हा लपवणं वगैरे. ती मिळाली की शिक्षा एकच, जन्मठेप. न्यायाधीशाला खालीवर करायला जवळपास जागाच नाही. म्हणून 'का' आणि 'कसं' हे प्रश्न कोमिसारला सोडता येत नाहीत.

यातली दगाबाजी सगळ्यात वादग्रस्त. समोरचा बेसावध आहे आणि म्हणून प्रतिकार करू शकत नाही, याचा फायदा घेतला की ती झाली. आता बघा: वर्षानुवर्षं मार खाणारी बायको नवरा झोपलेला असताना त्याला मारते, कारण तो जागा असताना तिचं काही चालणार नसतं. ती दगाबाजी, म्हणजे मोर्ड. आणि तोच नवरा भांडणात समोरासमोर रागाच्या भरात बायकोचा गळा आवळतो, तर प्रकरण टोटश्लागवर थांबू शकतं. १९८१ मध्ये सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने अगदी अपवादात्मक परिस्थितीत दगाबाजीच्या खुनातही शिक्षा कमी करायची वाट उघडली, पण कलमाची शब्दरचना अजूनही १९४१ चीच आहे. ते साल बघितलं की टीका का होते हे वेगळं सांगायला नको.

जुन्या प्रकरणांच्या भागांत हा फरक आणखी बोचतो. मोर्डला १९७९ पासून मुदतबाह्य होणं नाही. टोटश्लाग सहसा २० वर्षांनी बाद होतो. पंचवीस वर्षांनी डीएनए जुळला, पण खूण सिद्ध झाली नाही, तर माणूस घरी. आणि एकदा निर्दोष सुटलेल्यावर नव्या डीएनएच्या जोरावर पुन्हा खटला भरायची २०२१ ची तरतूद घटना न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केली. त्याने स्वतः विश्वासार्ह कबुली दिली, किंवा आधीच्या खटल्यात बनावट कागद, खोटी साक्ष असं काही निघालं, तरच फाइल पुन्हा उघडते.

धुकेरी

बापरे, सविस्तर उत्तरांसाठी आभार. एक राहिलं. आई किंवा होणारी बायको पोलिसांना सगळं सांगते आणि कोर्टात गप्प बसते, मग आधीचा जबाब वाया कसा जातो?

कलम_कसाई

दंडप्रक्रियेचं कलम ५२. जोडीदार, घटस्फोटित जोडीदार, वाङ्‌निश्चय झालेला माणूस, आईवडील, मुलं, भावंडं यांना साक्ष नाकारता येते आणि चौकशीआधी तसं सांगणं बंधनकारक आहे. कोर्टात नकार दिला की पोलिसांपुढचा जबाब वाचून दाखवता येत नाही, जबाब घेणाऱ्या पोलिसाला साक्षीला बोलावून ती पळवाटही काढता येत नाही. पण तोच जबाब नीट समज देऊन न्यायाधीशासमोर घेतला असेल, तर त्या न्यायाधीशाला साक्षीदार म्हणून विचारता येतं. म्हणून अनुभवी सरकारी वकील आईला पोलिसांकडून तडक न्यायाधीशाकडे नेतो, तिचं मन बदलायच्या आत. हा प्रसंग पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही, खरं तर मस्त रंगेल.

कबुलीबद्दलही लक्षात ठेवा. साक्षीदार म्हणून बसवलेल्या माणसावर संशय पक्का झाला की तिथल्या तिथे थांबून गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगायचा असतो. धमकी देऊन किंवा फसवून मिळवलेली कबुली आरोपीची संमती असली तरी वापरता येत नाही. आणि २०२० पासून हेतुपुरस्सर जीव घेतल्याच्या प्रकरणात आरोपीच्या चौकशीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. नव्या भागांत टेबलावर कॅमेरा नसेल तर ती दिग्दर्शकाची सोय समजा.

बोरूबहाद्दर

@जुना_पहारा, कायद्याचा निम्मा वाटा जरा जास्त होतोय. ही सवय लेखकांची आहे. डेरिक या दुसऱ्या जर्मन पोलीस मालिकेचे २८१ भाग हर्बर्ट राइनेकर यांनी एकट्याने लिहिले आणि त्यांतल्या कितीतरी भागांत खुनी सुरुवातीलाच कळतो, उरतं ते त्याच्या घरातलं वातावरण. तिथे कलम २११ चा उच्चार क्वचितच. टाटोर्टमध्ये तर दर शहराचं पथक त्या त्या प्रादेशिक वाहिनीचं, त्यामुळे बंदरातला संप, बंद पडलेली खाण, शाळेतलं प्रकरण असं तिथलं काहीतरी दाखवायला खून हे निमित्त असतं. धुकेरी, १९७७ चा 'राइफेत्सॉइग्निस' मिळाला तर बघा, वोल्फगांग पेटरसनचं दिग्दर्शन आहे. त्यात कोणी मारलं हे प्रेक्षकाला आधीच माहीत असतं.