मदत हवी आहे: बोलण्यापुरतं फ्रेंच, ऐकून ऐकून
नमस्कार मंडळी, नवऱ्याची बदली फ्रान्समधल्या तुलूझला झालीये, जूनमध्ये आम्ही लेकीला घेऊन निघतोय, त्यामुळे बोलण्यापुरतं तरी फ्रेंच मला यायलाच हवंय. क्लासला जाणं जमत नाही, लेक लहान आहे, म्हणून स्वयंपाक करताना इयरफोन लावून दहा-पंधरा मिनिटांचे ऑडिओ धडे ऐकते. धड्यातलं सगळं कळतं हो, पण खरी फ्रेंच माणसं बोलायला लागली की काही पत्ताच लागत नाही. धड्यात 'मला माहीत नाही'ला 'ज न से पा' शिकवतात आणि प्रत्यक्षात ऐकू येतं नुसतं 'शे पा', मधला 'न' गायबच! आकडे तर विचारूच नका, ९७ म्हणजे चार-वीस-दहा-सात, हिशोब लागेपर्यंत समोरचा पुढे गेलेला असतो. आरएफआय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्रही लावते, छान आहे, पण ती बातम्यांची भाषा, मला शाळेत बाईंशी आणि डॉक्टरांशी बोलायचंय.

असे छोटे धडे माहितीयेत का कुणाला, ज्यात रोजच्या वेगाने बोलतात आणि मध्ये थांबून आपल्याला उत्तर द्यायला वेळ देतात? डाउनलोड होणारे असले तर फारच बरं. आणि तुलूझकडे राहणारं कुणी असेल तर येण्याआधी कोणती वाक्यं तोंडात बसवावीत तेही सांगा प्लीज.