दोन बी२१०, वेगळ्या जागा, बीमफॉर्मिंगमध्ये फेज टिकतच नाही

लहरी_पोरगा:
मास्टर्सचा प्रोजेक्ट आहे, दोन यूएसआरपी बी२१० (सॉफ्टवेअरने चालणारे रेडिओ बोर्ड) कॉरिडॉरच्या दोन टोकांना ठेवलेत, मधल्या लॅबमध्ये रिसीव्हर, दोघांनी ८६६ मेगाहर्ट्झला एकच टोन सोडायचा आणि रिसीव्हरवर दोन्ही लहरींची फेज (चक्रातली जागा) जुळून त्यांची बेरीज व्हायला हवी, हेच बीमफॉर्मिंग. बोर्डाच्या क्लॉकवर नुसतं बीटिंग (फ्रिक्वेन्सी जरा वेगळ्या म्हणून लेव्हल भराभर वरखाली) होत होतं, मग दोन्हीकडे जीपीएसडीओ (जीपीएसवरून जुळवून घेणारं क्लॉक) बसवला, त्याचा अँटेना गच्चीवर नेला, लॉक दाखवतोय, तरी लेव्हल हळूहळू वरखाली होतेच, आणि परत ट्यून केलं की भलत्याच फेजवरून सुरू. काय राहिलंय?

अँटेनावाला:
जीपीएसडीओने फ्रिक्वेन्सी जुळते हो, फेज नाही. लय एक पण सम वेगळी, असं झालंय तुमचं. बी२१० मधली एडी९३६१ चिप दर ट्यूनला एलओ (कॅरिअर बनवणारा आतला ऑसिलेटर) कुठल्याही फेजवर लॉक करते, क्लॉक कितीही भारी लावा. शिवाय दोघांत १ पीपीबीचा (अब्जात एक) फरक उरला तरी ८६६ वर तो ०.८७ हर्ट्झ, म्हणजे सव्वा सेकंदाच्या आत फेज अख्खी फिरते. आधीचं बीटिंग तर व्हायचंच, बोर्डावरचा टीसीएक्सओ (क्रिस्टल क्लॉक) ±२ पीपीएमचा (दशलक्षात दोन), दोघांत साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत जाऊ शकतं.

हॅम_काका:
सरळ एकाच १० मेगाहर्ट्झच्या क्लॉक केबलवर दोघांना घ्या ना.

लहरी_पोरगा:
काका केबल ओढली तर मग वेगळे ट्रान्समीटर कशाला, सर तिथंच थांबवतील 😅

अँटेनावाला:
केबलनेही सुरुवातीची फेज अनोळखीच राहते, फक्त फिरायची थांबते. फीडबॅक लागणारच. दोघांना वेगवेगळा पीएन सिक्वेन्स (रँडमसारखा दिसणारा, पण ठरलेला बिटांचा क्रम) द्या म्हणजे रिसीव्हरला दोघांची फेज सुटी मोजता येईल, फरक लॅनवरून एकाला कळवा, त्याने सँपल पाठवायच्या आधी तेवढे फिरवायचे. किंवा एक-बिटवालं: प्रत्येकाने फेज जराशी रँडम हलवायची, रिसीव्हरने फक्त वाढलं की नाही एवढंच सांगायचं, वाढलं तर ठेवा नाहीतर मागे या. दोघांसाठी मला पहिलंच बरं वाटतं, एक-बिटवालं नोड खूप असले की शोभतं.

आणि अचूकतेच्या मागे वेडे होऊ नका, ३० अंश चुकलं तरी नुकसान ०.३ डीबीच, तेवढं सरकायला वरच्या १ पीपीबीच्या फरकाला जवळपास १०० मिलिसेकंद लागतात. दर ५० मिलिसेकंदांना एकदा अपडेट केलं तरी चालतंय.

लहरी_पोरगा:
जुळलं हे ओळखायचं कसं?

अँटेनावाला:
दोघांची लेव्हल रिसीव्हरवर सारखी करून घ्या, मग एकट्यापेक्षा ६ डीबी वर दिसलं पाहिजे. ३ च दिसले तर फेज अजून भटकतेय. आधी एकाच बी२१० च्या दोन चॅनलवर कोड चालवून बघा, तिथे एलओ एकच असतो.