गाडीवाल्याला फुंकायला लावता, मग लाँचवाल्याला का नाही?

मांडवेकर
रात्री नाकाबंदीत अडवलं की मशीनमध्ये फुंक मारावी लागते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. तुम्ही गाडी नीट चालवत होतात की वाकडी, हे कोणी विचारत नाही.

गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचला हे कलम लागत नाही, कारण तो कायदा रस्त्यावरच्या वाहनांचा. पोलिसांना आठवतं ते भारतीय न्याय संहितेचं २८२: बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे बोट हाकणं, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्यात आधी बेदरकारपणा सिद्ध करायचा, म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी घडून गेल्यावर. सारंगाच्या, म्हणजे बोट हाकणाऱ्याच्या, तोंडाला वास येतोय आणि बोट अजून धक्क्यालाच बांधलेली आहे, तेव्हा २८२ काय कामाचं?

माझं मत स्पष्ट आहे. तिकीट घेऊन माणसं नेणाऱ्या प्रत्येक बोटीला १८५ सारखं कलम हवं, मर्यादा शून्य, आणि तपासणी दोर सोडण्याआधी जेटीवरच.

दर्याचा_पोर
भाऊ, एकदा पहाटे बंदरावर या आणि मग लिहा. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, पिऊन सुकाणूवर बसला तर पहिले खलाशीच त्याला उठवतात. जीव त्यांचाही असतो, साहेबांची वाट कोण बघत बसणार?

आणि ते मशीन कुणाच्या हातात देणार? माणसं मोजायचे, लाइफ जॅकेट बघायचे नियम आजही आहेतच की. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली. दारूचा तिथे काही संबंध नव्हता, नौदलवाले इंजिनाची चाचणी घेत होते. पण ८४ प्रवाशांचा परवाना असलेल्या लाँचवर शंभराच्या वर माणसं कशी चढली? जो नियम आहे तो पाळून घेता येत नाही, त्यात अजून एक कलम आणा. हप्त्याचा अजून एक कप्पा, दुसरं काय.

काळा_कोट
दोघांचंही अर्धं बरोबर. मोठ्या जहाजांसाठी आकडा कधीच ठरलाय. खलाशांच्या प्रशिक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या मनिला दुरुस्त्या २०१२ पासून लागू आहेत. कप्तान आणि अधिकाऱ्यांना रक्तात ०.०५ टक्के ही कमाल मर्यादा, म्हणजे मांडवेकरांच्या हिशोबात ५० मिलिग्रॅम. पण हाच करार मासेमारीच्या बोटी, खासगी हौशी नौका आणि जुन्या धाटणीची लाकडी गलबतं वगळतो. आपल्या किनाऱ्यावर दिसतं त्यातलं बरंचसं या वगळलेल्या यादीतच बसतं.

नुसता आकडा लिहून भागत नाही, हेही खरं. १९८९ मध्ये अलास्कात 'एक्सॉन वाल्डेझ' हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं. कप्तानानं बंदरावर दारू घेतल्याचं कबूल केलं होतं, पण रक्ताचा नमुना घेतला तो दहा तास उलटल्यावर. दारू पिऊन जहाज चालवल्याच्या आरोपातून ज्यूरीनं त्याला सोडलं. शिक्षा झाली ती निष्काळजीपणे तेल सांडल्याची: ५० हजार डॉलर दंड आणि १००० तास समाजसेवा. म्हणून मांडवेकरांचं 'दोर सोडण्याआधी' मला शून्य मर्यादेपेक्षा जास्त पटतं.

गोंयकार
पणजीला मांडवी नदीत संध्याकाळच्या क्रूझ बघा. पितो तो वर नाचणारा पर्यटक, सुकाणूवरचा नव्हे. कठड्यावर चढून सेल्फी काढणाऱ्याला कुठलं कलम लावणार?

मिशिगनवाला
इथलं सांगतो. अमेरिकेत केंद्राच्या नियमानुसार हौशी बोटवाल्याला ०.०८ टक्के आणि धंद्याची बोट चालवणाऱ्याला ०.०४ टक्के. प्रवाशानं बिअर प्यायली तर त्या नियमाचं काही म्हणणं नाही, तो फक्त चालवणाऱ्याला धरतो. तेव्हा गोंयकार, तुमच्या सेल्फीवाल्याला इथेही मोकळं रान आहे.

मजा वाटते ती तपासणीची. रस्त्यावर सरळ रेषेत चालून दाखवायला सांगतात, हलत्या बोटीवर न प्यायलेला माणूसही ते करू शकणार नाही. मग बसल्या जागी परीक्षा: डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्याला लावा, तळहातावर तळहात पालथा-उताणा आपटत मोजा, अंगठ्यानं एकेक बोट शिवत आकडे म्हणा. वाटतं पोरखेळ, पण घेतलेला माणूस तिसऱ्या बोटाला अडखळतो. शिवाय ऊन, वारा, इंजिनाची घरघर यांनी माणूस आधीच थकलेला असतो, जमिनीवर पचतात ते दोन पेग पाण्यावर लवकर चढतात.

दर्याचा_पोर
मिशिगनवाले दादा, तुमच्या तळ्यात लोक मजेसाठी बोट काढतात. आमच्या बोटी आठ-आठ दिवस बाहेर असतात. रात्री जाळं ओढून थंडीनं काकडलेल्या खलाशानं घोटभर घेतली तर तो गुन्हेगार?

मांडवेकर
खलाशाचं मी बोललोच नाही. तिकीट घेऊन माणसं नेणारी बोट आणि तिचं सुकाणू ज्याच्या हातात आहे तो, एवढंच. तुमच्या मासेमारीवाल्यांना मी कुठे ओढलं यात?

काळा_कोट
ही रेघ दुसरीकडेही ओढलेली आहे. ऑगस्ट १९८९ मध्ये लंडनला थेम्समध्ये 'मार्चिओनेस' ही पार्टीची बोट वाळूच्या जहाजाच्या धडकेनं बुडाली, ५१ माणसं गेली. जहाजाच्या कप्तानानं आदल्या दुपारी बिअर प्यायली होती. पुढे २००३ च्या कायद्यात व्यावसायिक नाविकांना मर्यादा आली. हौशी लोकांसाठीचं कलमही त्याच कायद्यात छापलंय, पण ते लागू मात्र केलेलं नाही. ज्याच्या भरवशावर परकी माणसं बसतात त्याला आधी धरा, असा त्याचा अर्थ मी तरी घेतो.

दर्याचा_पोर
एवढ्यावर असेल तर माझी हरकत निम्मी कमी. पण मग मशीनचा आकडा तिकीट खिडकीवर फळ्यावर लिहा, सारंगाच्या आणि प्रवाशांच्या डोळ्यांसमोर. बंद केबिनमध्ये फुंकायला लावलं तर आम्ही बोट काढणार नाही.

मांडवेकर
फळा मान्य. शून्यावरून मी हटणार नाही.

दर्याचा_पोर
मग खोकल्याचं औषध घेतलेल्या सारंगाची सकाळची फेरी कोण मारणार, तेही त्याच फळ्यावर लिहा.