रोममधला एक दिवस : कोल्हापूरकरांचे अनुभव

रोममध्ये एखादा दिवस घालवलेल्या आपल्या गावच्या मंडळींनी आपापले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, ही विनंती. प्रारंभ मीच करतो.

१९०२ च्या युरोप दौऱ्यात राजर्षी शाहू महाराजांनी कलोसियम हे झुंजींचे प्राचीन रोमन मैदान पाहिले आणि त्यावरून त्यांना कोल्हापूरच्या खासबाग या कुस्ती मैदानाची कल्पना सुचली, असे लहानपणापासून ऐकत आलो असल्यामुळे सकाळी माझी पावले प्रथम तिकडेच वळली. मध्यभागी आखाडा आणि चहूबाजूंनी वर चढत जाणारे प्रेक्षक ही मांडणी ओळखीचीच वाटली. आकार मात्र लंबवर्तुळाचा, लांबी १८९ मीटर आणि रुंदी १५६ मीटर. आखाड्याची पायाखालची लाकडी तक्तपोशी नाहीशी झाल्याने खालची भुयारे उघडी पडली आहेत. तेथूनच श्वापदांचे पिंजरे दोरखंडांनी वर ओढले जात. तक्तपोशीवर रक्त शोषण्यासाठी वाळू पसरत असत, आणि ‘अरीना’ या शब्दाचा मूळ अर्थही वाळू असाच आहे. आपल्या तालमीत मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून ती मळतात, हे तेथे उभे असताना प्रकर्षाने आठवले.
– शिवाजी पेठ

आमच्या सहल कंपनीने कलोसियम बसच्या खिडकीतूनच दाखवले, याचा राग अजून गेलेला नाही. पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिरात मात्र तासभर मिळाला. ४३ मीटर व्यासाच्या त्या घुमटाच्या माथ्यावर मोठे गोल छिद्र आहे. आम्ही आत असतानाच पावसाची सर आली आणि पाणी थेट फरशीवर पडून, किंचित उतारावरून वाहत, बारीक छिद्रांतून खाली जाऊ लागले. सासूबाई वर पाहत म्हणाल्या, “अगं, हा तर आपल्या खिद्रापूरचा स्वर्गमंडपच की!” खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातील त्या मंडपालाही मध्यभागी असेच मोकळे आभाळ आहे, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलेच नव्हते.
– राजारामपुरी

स्पॅनिश पायऱ्यांवर टेकलो, तोच शिट्टी वाजली. २०१९ पासून तेथे बसण्यास मनाई आहे.
– शाहूपुरी

पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्तोरस्ती लोखंडी नळ अखंड वाहत असतात. नळाच्या तोंडावर बोट दाबून धरले की वरच्या छोट्या छिद्रातून धार उसळते आणि वाकावे लागत नाही. ही युक्ती मला फोरम या प्राचीन चौकाच्या अवशेषांजवळ एका शाळकरी मुलाने दाखवली. पहिल्या प्रयत्नात माझा सदरा चिंब भिजला.
– मंगळवार पेठ