एनसी स्टेटने एसीसी सोडून एसईसीत जावं का?

लाल_लांडगा_कॅरी

परवा कार्टर-फिनलेच्या, म्हणजे रॉलीतल्या आपल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या (एनसी स्टेट) फुटबॉल स्टेडियमच्या पार्किंगमधे आपल्या ग्रुपचं टेलगेट (मॅचआधीची पार्टी) होतं तिथे पुन्हा हाच विषय निघाला आणि दहातले आठ जण एकच बोलत होते, संधी मिळाली की एसईसीत (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) जा. मला हे अजिबात पटत नाही, आणि तिथे आरडाओरड्यात नीट बोलता आलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचा गट, त्या गटातल्या टीम एकमेकींशी ठरलेल्या मॅचेस खेळतात आणि टीव्हीचे हक्क गट म्हणून एकत्र विकून पैसे वाटून घेतात. आपली एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) १९५३ मधे ग्रीन्सबरोच्या सेजफील्ड इनमधे जन्मली, सात स्कूल्स सदर्न कॉन्फरन्समधून बाहेर पडली आणि त्यात एनसी स्टेट होतं. म्हणजे आपण पाहुणे नाही, आपण घर बांधणारे आहोत.

आता एसीसीतलेच फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन एसीसीविरुद्ध कोर्टात गेले होते, मार्च २०२५ मधे तडजोड झाली, त्यानुसार बाहेर पडायची फी २०२६ मधे १६५ मिलियन डॉलर आणि मग दरवर्षी १८ मिलियनने कमी होत २०३०-३१ ला ७५ मिलियनवर येणार. शिवाय जाणाऱ्याला आपले टीव्हीचे हक्क बरोबर घेऊन जाता येणार, आधी ते २०३६ पर्यंत एसीसीकडेच अडकलेले होते. त्यामुळे २०३० च्या आसपास पळापळ होणार हे सगळे धरूनच चाललेत.

माझं म्हणणं एवढंच की त्या पळापळीत आपण पुढे नसावं. ड्यूक आणि चॅपल हिल (नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटी, यूएनसी), आपले दोन्ही प्रतिस्पर्धी अर्ध्यापाऊण तासावर. २०२४ मधे आपण बास्केटबॉलच्या एसीसी टूर्नामेंटमधे पाच दिवसांत पाच मॅचेस जिंकलो, दहाव्या नंबरच्या सीडवरून (मानांकनावरून), फायनलला चॅपल हिलला ८४-७६ हरवलं, १९८७ नंतर पहिलं टायटल. नंतर राष्ट्रीय स्पर्धेत एलिट एटमधे (शेवटच्या आठांत) ड्यूकला घरी पाठवून फायनल फोर (शेवटचे चार) गाठली. ही मजा शेजारी आहेत म्हणून आहे. समोर एसईसीतली अलाबामा असती तर त्या रात्री हिल्सबरो स्ट्रीटवर एवढी गर्दी उतरली असती का?

आणि अमेरिकन फुटबॉलमधे आपण एसीसी शेवटची जिंकली १९७९ मधे. इथे जमत नाही तर एसईसीतल्या जॉर्जिया आणि एलएसयूसमोर काय जमणार आहे.

पार्किंग_लॉट_नऊ

भाऊ, तुमच्या टेलगेटला मीही होतो आणि त्या आठातला एक मी. १९७९ चा मुद्दा तुम्ही उलटा वापरलाय. चाळीस वर्षांच्या वर एकाच जागी राहून टायटल मिळालं नाही, तर त्याच जागी अजून राहून ते मिळेल याला आधार काय?

पैशाचं बघा. २०२३-२४ मधे बिग टेन या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सच्या स्कूलला साधारण साठ मिलियनच्या वर मिळाले, एसईसीला पन्नासच्या वर, आपल्याकडे पंचेचाळीसच्या आसपास. आणि २०२४ पासून एसईसीचा ईएसपीएनशी नवीन करार सुरू झालाय, टेक्सस आणि ओक्लाहोमा पण तिथे आलेत, म्हणजे ही दरी इथून पुढे रुंदच होणार. त्यात जुलै २०२५ पासून हाउस सेटलमेंटमुळे (खेळाडूंच्या खटल्यातली तडजोड) युनिव्हर्सिटी खेळाडूंना थेट पैसे देते, पहिल्या वर्षाची मर्यादा साधारण साडेवीस मिलियन. ते जॉर्जियाला सहज परवडतं, आपल्याला ते बजेट ओढूनताणून जुळवावं लागतं. चांगला क्वार्टरबॅक दोन वर्ष इथे तयार होतो आणि ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलायची व्यवस्था) दुसरीकडे जातो, मग आपण पुन्हा शून्यावर. दर वर्षी हे बघायचं आणि वर शेजाऱ्यांची मजा म्हणायची, मला नाही जमत.

आणि सगळ्यात मोठी भीती, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. जून २०२२ मधे यूसीएलए आणि यूएससीने जायचं जाहीर केलं, जुलै २०२३ मधे कोलोरॅडो, मग ऑगस्टमधे ओरेगन, वॉशिंग्टन, अॅरिझोनाचे दोन्ही, युटा गेले. पश्चिमेकडच्या, शंभरेक वर्षांच्या पॅक-१२ कॉन्फरन्समधे दोन स्कूल्स उरली. ती दोन स्कूल्स वाईट होती का? नव्हती. ती फक्त शेवटपर्यंत थांबली. चॅपल हिल गेलं की आपलं तेच होणार आणि तेव्हा दार ठोठावून उपयोग नाही.

एमएस_फॉल_२४

मी इथे एमएस करतोय, फुटबॉल आत्ताच समजायला लागलंय. एकच विचारायचंय. आमच्या फीत अॅथलेटिक्सची वेगळी ओळ असते. कॉन्फरन्स बदलून जास्त पैसे आले तर ती फी कमी होणार का? कारण मला दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकून असं वाटतंय की आलेला पैसा कोचच्या पगारात आणि खेळाडूंच्या वाट्यात जाणार आणि आमची फी आहे तिथेच राहणार. असं असेल तर आम्ही विद्यार्थ्यांनी एसईसीसाठी उत्साह का दाखवायचा, मॅचची तिकिटं मात्र आणखी अवघड होतील.

टेस्टुडो_एमडी

मेरीलँडचा आहे, पण हा प्रसंग आमच्यावर येऊन गेलाय म्हणून बोलतो. आम्हीही १९५३ च्या सातांतले. २०१२ मधे अॅथलेटिक्सच्या तोट्यामुळे सात खेळ बंद केले, त्याच वर्षी बिग टेनचा निर्णय झाला, २०१४ मधे गेलो. एसीसीने ५२ मिलियन मागितले, शेवटी ३१.४ वर मिटलं. त्यामुळे पैसा नको म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की खेळच बंद पडतात तेव्हा काय वाटतं ते आम्हाला विचारा.

पण दुसरी बाजूही ऐका. ओहायो स्टेटला आम्ही फुटबॉलमधे एकदाही हरवलेलं नाही. आणि ड्यूक आमच्या गावी, कॉलेज पार्कला येणार त्या रात्रीसाठी लोक वर्षभर थांबायचे, ते गेलं ते गेलंच. मिशिगन स्टेट चांगली टीम आहे, पण आमचं तिच्याशी भांडण नाहीये हो. १९७४ ची बास्केटबॉलची एसीसी फायनल आमच्याकडच्या जुन्या लोकांना अजून तोंडपाठ आहे, तुम्ही ओव्हरटाइममधे १०३-१०० जिंकलात, तेव्हा कॉन्फरन्समधून एकच टीम एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेला जायची म्हणून देशातल्या पहिल्या पाचातली आमची टीम घरी बसली. पुढच्या वर्षी नियम बदलला आणि एकाहून जास्त टीम जायला लागल्या, त्याला ही मॅच मोठं कारण. आणि तुम्ही त्या वर्षी यूसीएलएला पाडून नॅशनल टायटल घेतलंत. असं काही आम्ही बिग टेनमधे दहा वर्षांत तयार करू शकलेलो नाही. पुढच्या पिढीला जमेल कदाचित.

मी कुठल्या बाजूला आहे असं विचाराल तर, तोटा असेल तर जा, नसेल तर नका जाऊ.

लाल_लांडगा_कॅरी

@टेस्टुडो_एमडी, मनापासून धन्यवाद, हे आतून कुणी सांगत नाही. आणि साउथ कॅरोलायनाचंही आठवा, ते १९७१ मधे एसीसी सोडून गेले आणि एसईसीत जागा मिळेपर्यंत वीस वर्ष गेली.

निळं_आभाळ

चॅपल हिलची आहे, राग नका मानू. तुमच्या दोघांच्याही बोलण्यात आम्ही जाणार आणि तुम्ही मागे राहणार असं गृहीत धरलंय. सरकारी युनिव्हर्सिटी आहेत दोन्ही, एकाच यूएनसी सिस्टीममधे (राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिटींची संस्था), आणि २०२४ मधे बोर्ड ऑफ गव्हर्नर्सनी धोरणच केलंय की कॉन्फरन्स बदलायची तर सिस्टीमच्या प्रेसिडेंटची मंजुरी घ्या. एकाने जाऊन दुसऱ्याला खड्ड्यात टाकायचं, हे रॉलीच्या राजकारण्यांना परवडणारं नाही, त्यांचे अर्धे मतदार तुमची लाल टोपी घालतात.

पण मला खरं वाटतं ते असं, की आम्ही बिग टेनमधे आणि तुम्ही एसईसीत गेलात तर दोघांचंही बरं होईल. एसईसीला आणि बिग टेनला या राज्यात पाय हवाय, एक कोटीच्या वर लोकसंख्या आहे. आपली वर्षाची मॅच नॉन-कॉन्फरन्स (कॉन्फरन्सबाहेरची) म्हणून ठेवता येते. क्लेमसन आणि साउथ कॅरोलायना वेगवेगळ्या कॉन्फरन्समधे आहेत आणि तरी ती मॅच त्या राज्यातली सगळ्यात मोठी मॅच आहे.

पार्किंग_लॉट_नऊ

ताई, हे बरोबर बोललात. आणि मॅच ठेवली तर आम्हालाच बरं, २०२१ ते २०२४ सलग चार वेळा जिंकलोय तुमच्याशी फुटबॉलमधे.

अजून एक, प्रवास. लोक म्हणतात एसीसी म्हणजे शेजार. कुठला शेजार? २०२४ पासून स्टॅनफर्ड आणि कॅल आलेत, ऑक्टोबर २०२४ मधे आपण कॅलशी बर्कलीला खेळायला गेलो, २४-२३ जिंकलो, पण जवळपास अडीच हजार मैल आणि तीन तासांचा वेळेचा फरक. डॅलस, बॉस्टन, सिराक्यूज, लुईव्हिल हे सगळं एसीसी. उलट एसईसीतलं कोलंबिया गाडीने साडेतीन तासांवर, नॉक्सव्हिल आणि अथेन्स सकाळी निघालं तर दुपारी पोचतो. पोरांना घेऊन जाता येईल अशा मॅचेस एसईसीत जास्त आहेत.

आणि ती कॅलिफोर्नियाची स्कूल्स आली कुणामुळे? फ्लोरिडा स्टेट, क्लेमसन, चॅपल हिल विरोधात होते, आपण आधी त्यांच्या बाजूला होतो आणि सप्टेंबर २०२३ ला आपलं मत फिरलं म्हणून ठराव पास झाला. शेजार आपणच मोडलाय.

रंकाळ्याचा_पैलवान

फुटबॉल, बास्केटबॉल झालं असेल तर माझंही ऐका. मी कोल्हापूरचा, इथे आल्यापासून हिवाळ्यात रेनॉल्ड्स कोलिझियमला कुस्ती बघायला जातो, मॅटवरची आणि अमेरिकन पद्धतीची, पण पट काढला की अंगावर काटा तोच येतो. एनसी स्टेटची कुस्ती देशातल्या चांगल्या टीमांत धरतात. निक ग्विअझडाउस्कीने २०१४ आणि २०१५ ला हेवीवेटचं नॅशनल टायटल घेतलं ते इथूनच.

तर एसईसीत कुस्ती नाही. हा खेळ ती कॉन्फरन्स खेळवतच नाही. मिसुरी आणि ओक्लाहोमा एसईसीत आहेत, पण त्यांच्या कुस्तीच्या टीम बिग १२ या दुसऱ्या कॉन्फरन्समधे खेळतात. पुरुषांचा सॉकर पण नाही, त्यासाठी साउथ कॅरोलायना आणि केंटकी सन बेल्ट कॉन्फरन्समधे जातात. म्हणजे आपण एसईसीत गेलो तर आपल्या पैलवानांनी व्हर्जिनिया टेक आणि चॅपल हिलशी लढायचं सोडून दुसऱ्या गटात जागा मागायची. सगळी चर्चा शनिवारच्या फुटबॉलवर चाललीय आणि या पोरांचा कुणी नावही काढत नाही, मला याचं खरंच वाईट वाटतं.

धावपटूची_आई

पैलवानभाऊंना पूर्ण पाठिंबा. आमची मुलगी हायस्कूलमधे क्रॉस कंट्री करते, तिच्या खोलीत एनसी स्टेटच्या मुलींचं पोस्टर आहे. २०२१, २०२२, २०२३ सलग तीन वर्ष नॅशनल टायटल जिंकलंय त्यांनी. आणि २०२४ मधे पुरुषांबरोबर महिलांची बास्केटबॉल टीमही फायनल फोरला गेली होती, वर कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. हे सगळं एसीसीत असतानाच झालंय. टीव्हीचा पैसा फुटबॉलचा असतो हे मान्य, पण मग फुटबॉलपुरतीच वेगळी व्यवस्था करा ना. व्हॉलीबॉलच्या मुलींनी बुधवारी रात्री विमानातून उतरून गुरुवारी केमिस्ट्रीची परीक्षा द्यायची हे फुटबॉलच्या करारासाठी का? यूकॉनने २०२० मधे बाकी खेळ परत बिग ईस्टमधे नेले, फुटबॉल स्वतंत्र ठेवलं, आणि २०२३, २०२४ दोन्ही वर्षी पुरुषांचं बास्केटबॉल टायटल जिंकलं.

पार्किंग_लॉट_नऊ

यूकॉनचं उदाहरण छान आहे पण त्यांच्याकडे फुटबॉलमधे गमवायला काही नव्हतं. आपलं स्टेडियम भरतं, सीझन तिकिटं विकली जातात. आणि पैलवानसाहेब, आदर ठेवून बोलतो, कुस्तीचा खर्च निघतो कुठून? फुटबॉलमधूनच. टेस्टुडोंनी वर सांगितलं ना, तोटा झाला तेव्हा छोटे खेळच आधी गेले. मला कुस्ती वाचवायची आहे म्हणूनच मी एसईसी म्हणतोय.

रंकाळ्याचा_पैलवान

बिग १२ ची कुस्ती म्हणजे स्टिलवॉटर, ओक्लाहोमा आणि एम्स, आयोवा. सगळीकडे विमान. वर तुम्हीच बर्कलीच्या प्रवासाला नावं ठेवलीत.

लाल_लांडगा_कॅरी

सगळं वाचलं. माझं मत कायम आहे, पण आपण ठरावावर मत फिरवल्याचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो आणि तो मी उलटा वाचतो. स्टॅनफर्ड आणि कॅलने सात वर्ष फक्त तीस टक्के वाटा घेतलाय, त्यांच्याबरोबर आलेल्या डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्ष टीव्हीच्या पैशावर पाणी सोडलंय, आणि ही मंडळी आपल्या मताच्या भरवशावर आली. त्यांना आणून पाच-सहा वर्षांत आपणच निघून जायचं हे मला शोभत नाही वाटत. शब्द दिलाय आपण.

दुसरं, मार्च २०२५ च्या तडजोडीत पैशाचं वाटप बदललंय. टीव्हीच्या पैशातला साठ टक्के भाग आता कुणाच्या मॅचेस किती लोक बघतात त्यावर, चाळीस टक्के सगळ्यांना समान. म्हणजे इथे राहूनही चांगलं खेळलं तर वाटा वाढतो. पार्किंग लॉटवाले भाऊ म्हणतात तसं जिंकायचंच असेल तर ते आधी इथे करून दाखवूया.

आणि आपल्याच राज्यातलं, एसीसीतलं वेक फॉरेस्ट. १९१० पासून एकही वर्ष न चुकता आपण त्यांच्याशी फुटबॉल खेळतोय. त्यांना ना एसईसी बोलावणार ना बिग टेन. आपण गेलो तर त्यांचं काय होणार यावर अजून कुणी एक ओळ लिहिलेली नाही.

पार्किंग_लॉट_नऊ

वेकबद्दल वाईट मलाही वाटतं, पण वेकचा सांभाळ करणं हे एनसी स्टेटचं काम नाही. मॅच ठेवा, दर वर्षी ठेवा, करारात लिहून घ्या. २०२५ मधे आपण आणि व्हर्जिनिया एकाच कॉन्फरन्समधे असून रॉलीतली मॅच नॉन-कॉन्फरन्स म्हणून खेळलो, ३५-३१ जिंकलो, कुणाला काही फरक पडला का? स्टेडियममधे तितकाच आवाज होता. एसईसीने विचारलं तर माझं उत्तर हो, फी ७५ वर यायची वाट बघायची गरजही नाही.

निळं_आभाळ

विचारलं तर ना. आधी विचारू दे त्यांना. आमच्याबद्दल मात्र रोज कुठेतरी छापून येतंय, आणि आमच्याकडेही ड्यूकची मॅच जाईल म्हणून माझे सासरे, ऐंशी पार केलेले, विरोधात उभे आहेत आणि नवरा बिग टेन बिग टेन करतोय. थँक्सगिव्हिंगला घरात हाच विषय असणार, मला त्यासाठी एक्झिट फीचे आकडे वर्षवार हवेत, कुणी मांडून देईल का.

लाल_लांडगा_कॅरी

२०२६ ला १६५, २०२७ ला १४७, २०२८ ला १२९, २०२९ ला १११, २०३० ला ९३, आणि मग २०३०-३१ पासून ७५ वर स्थिर. सगळं मिलियन डॉलरमधे. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, मी त्यांच्या बाजूला आहे.