मे महिन्यात हायड्रोजन लाइन गायब, उकाड्याचे फोटॉन (प्रकाश-रेडिओलहरींचे कण) का?

धाब्यावरचा_अँटेना (जळगाव):
राम राम मंडळी. पुठ्ठ्याला फॉइल चिकटवून हॉर्न (भोंग्यासारखा अँटेना) बनवलंय, 1420 मेगाहर्ट्झची हायड्रोजन लाइन, म्हणजे आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा रेडिओ सिग्नल पकडायला. धाब्यावर (घराच्या गच्चीवर) सरळ वर तोंड करून ठेवलंय, तिथून टीव्हीची 10 मीटर केबल खाली खोलीत, तिथे एलएनए (बारीक सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर) नि डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा रेडिओ रिसीव्हर). डिसेंबरात मध्यरात्री 12 डिग्रीत बारीक उंचवटा दिसला होता, आता रात्री साडेनवाला पण 33 अन् काहीच दिसेना. मित्र म्हणतो गरमीचे फोटॉन घुसतात. मग कॅमेऱ्यात पण घुसतात का? फोटोत ठिपके तर वाढलेच आहेत.

केळीबाग (रावेर):
मित्र अर्धा बरोबर आहे भो. 1420 वर एका फोटॉनची एनर्जी केल्विनमध्ये मोजली तर 0.07 पण भरत नाही, आपली भिंत-जमीन 300 केल्विनची, म्हणजे एकेका मोडमध्ये (लहरीच्या एकेका प्रकारात) चार हजारावर फोटॉन, सारंगखेड्याची यात्राच! अन् ते झुंडीने येतात, म्हणून त्यांच्या संख्येतला चढउतार, म्हणजे नॉइज, सरासरीच्या वर्गमुळाएवढा न राहता सरासरीएवढाच होतो. हिरव्या उजेडाला तोच आकडा 28,800 केल्विन, तिथे 300 केल्विनचा फोटॉन म्हणजे दशांशचिन्हापुढे 41 शून्यं. कॅमेऱ्यात तो येतच नाही.

रात्रपाळी (भुसावळ):
ठिपके म्हणजे डार्क करंट, सेन्सरमधलेच इलेक्ट्रॉन उष्णतेने सुटतात. दर 6-7 डिग्रीला साधारण दुप्पट, म्हणजे 12 वरून 33 ला आठेक पट. रेडिओत मात्र 285 केल्विनचे 306 झाले, फक्त 7 टक्के, तेवढ्याने लाइन बुडत नाही. खरी चोर ती केबल, 3 डीबी लॉस धरला तरी निम्मा सिग्नल खाते अन् वर स्वतःचे 300 केल्विन मिसळते. एलएनए हॉर्नलाच लाव, मग आधी समोरच्या भिंतीकडे अन् मग आकाशाकडे तोंड करून बघ, पॉवर चांगली कमी झाली पाहिजे.

धाब्यावरचा_अँटेना:
पण केबल डिसेंबरात पण हीच होती ना?

केळीबाग (रावेर):
हां, हे माझ्यापण ध्यानात नव्हतं आलं. मेमध्ये साडेनवाला डोक्यावर आकाशगंगेचा ध्रुव (तिच्या पट्ट्यापासून सगळ्यात लांबची दिशा) असतो, तिथे हायड्रोजन एकदम विरळ. डिसेंबरात मध्यरात्री डोक्यावर आकाशगंगेचा पट्टाच होता. आता तो पहाटे चारनंतर वर येईल.

धाब्यावरचा_अँटेना:
घ्या, अन् मी हॉर्नवर ओलं गोणपाट टाकत होतो. चारचा गजर लावतो, लाइट राहू द्या फक्त.