डोळे आलेत, कानाचे थेंब उरलेत. तेच घालू का?

चाफा: डोळे लाल, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटतात. कानासाठी आणलेली सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची बाटली अर्धी शिल्लक आहे. औषध तेच, मग डोळ्यात का नको?

खलबत्ता: औषध तेच असलं तरी द्रव तोच नसतो. कानाचे थेंब निर्जंतुक असतीलच असं नाही, शिवाय बरेचसे आम्लधर्मी असतात. डोळ्यात गेले की आग होते, बुबुळाला इजाही होऊ शकते. उलट मात्र चालतं, डोळ्याचे थेंब डॉक्टर कानासाठी लिहून देतात. लेबलवर ‘डोळे/कान’ असं दोन्ही छापलं असेल तरी कानाला लावलेली बाटली डोळ्याकडे नेऊ नका. आणि उघडून २८ दिवस झाले असतील तर प्रश्नच मिटला, टाकून द्या.

नावापुढे ‘डेक्सामेथासोन’ दिसतंय का तेही बघा. ते स्टेरॉइड. नागिणीच्या जातीचा विषाणू (हर्पिस) बुबुळावर असेल तर त्याने जखम पसरते.

चाफा: नाही, साधं आहे. पण बाटली दोन महिन्यांपूर्वीची.

थेंबे_थेंबे: मग नवी घ्या, तीही दाखवून. नुसतं पाणी येत असेल तर बहुधा विषाणू असतो, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. डोळा ठणकतोय, उजेड सोसत नाही, अंधुक दिसतंय किंवा लेन्स वापरता, तर आजच जा.

घालताना खालची पापणी ओढून खोबण करा, एकच थेंब. डोळ्यात जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतं, दुसरा थेंब गालावरच ओघळतो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबा, नाहीतर औषध घशात उतरतं (कडू चव त्याचीच). दुसऱ्या औषधाचे थेंब असतील तर ५ मिनिटांनी, मलम सगळ्यात शेवटी. टोक पापणीला टेकलं की बाटली बाटली म्हणूनच समजा.

खलबत्ता: 😄 कानाचंही सांगतो. बाटली मुठीत धरून कोमट करा, गार थेंबाने गरगरतं. पडद्याला भोक असेल तर जेंटामायसिन, निओमायसिन किंवा क्लोरहेक्सिडिन आत जाता कामा नये, ऐकू येण्यावर परिणाम होतो.

चाफा: जखमेचं पोव्हिडोन आयोडीन पातळ करून डोळ्यात?

थेंबे_थेंबे: अजिबात नको. शस्त्रक्रियेआधी डोळ्यात घालतात ते ५ टक्क्यांचं निर्जंतुक द्रावण वेगळं. हात धुण्याच्या प्रकारात तर साबण असतो, त्याने बुबुळ भाजतं.